रंग न धरणारी जागा

६ जानेवारी, मंगळवार

टेबल एकदाचं छतावर पोचलं. जिन्यात दोनदा अडकलं. दुसऱ्या वेळी मी वरच्या पायरीवर, रामजनम मिस्त्री खालच्या पायरीवर आणि मध्ये टेबल, असे आम्ही पाच मिनिटं नुसते एकमेकांकडे बघत होतो. लतिका खालून "आडवं करा, आडवं करा" म्हणून ओरडत होती. तिचं ऐकलं नाही आणि शेवटी आडवंच केलं. बायकोचं बरोबर ठरण्याची ही या वर्षातली चौथी वेळ, आणि वर्षाला अजून सहाच दिवस झालेत.

ही डायरी ऑक्टोबरात निवृत्त होताना बँकेच्या शाखेतल्या लोकांनी दिली. एकोणचाळीस वर्षं मी कर्जाच्या फायली तपासल्या. कोणत्या कामात काय जोखीम आहे ते शोधायचं आणि मुद्देसूद कागदावर मांडायचं, हेच काम. आता फायली नाहीत आणि हात शिवशिवतात. म्हणून हे टेबल काढलं.

त्याची हकीकत लिहून ठेवतो. माझे आजोबा इथेच, बनारसच्या रामघाटावर, वेद शिकवायचे. नागपूरच्या एका यजमानाने त्यांना हे सागवानी टेबल दक्षिणा म्हणून दिलं. ज्या घरात सगळे पाटावर जेवतात आणि मांडी घालून लिहितात, तिथे टेबलाचं काय करायचं ते कोणाला कळेना. मग त्यावर पोथ्या ठेवल्या. वडिलांच्या काळात पोथ्या कपाटात गेल्या. पुढे त्यावर काय असायचं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी बदल्यांवर. बलिया, मऊ, आझमगड. शनिवारी संध्याकाळी घरी आलो की बॅग या टेबलावर ठेवायचो आणि थोड्या वेळाने ती खाली जमिनीवर सापडायची. आईचं सोवळं फार कडक होतं.

आमची एकुलती एक अंतरा लहानपणी या टेबलाखाली भातुकली मांडायची आणि "हे टेबल माझं" म्हणायची. आता ती बंगळूरला असते. एप्रिलच्या मध्यावर तिला बाळ होणार आहे. ती काही इकडे येणार नाही, तेव्हा टेबलच तिकडे पाठवावं असं मी ठरवलंय. नवं कोरं करून. वरच्या फळीला लाकडात मुरणारा अक्रोडी स्टेन, पायांना रंग. मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले, अवघड काही दिसत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

धुकं. समोरचा गंगेचा काठसुद्धा दिसत नाही. जुनं पॉलिश काढायचा पातळ पदार्थ लावून ठेवलाय. त्याला भयंकर वास येतो आणि म्हणूनच की काय, लतिका माझ्याशी मोजकंच बोलते. तसं हे डिसेंबरपासून चाललंय, वास मात्र परवापासूनचा. यात काहीतरी जुळत नाही.

डिसेंबरात अंतराचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, डिलिव्हरीके लिए मी बनारसला येऊ का?" मी लगेच हो-नाही केलं नाही. दोन दिवस विचार करून तिला आठ मुद्दे लिहून पाठवले. मोटार मैदागिनला थांबते आणि पुढे गल्लीतून पायी यावं लागतं. घराच्या पायऱ्या अडतीस आणि उंच. गल्लीत सांड बसलेले असतात. छतावर माकडं. धुक्यात विमानं रद्द होतात. वीज जाते. शिवरात्रीला गर्दीत मुंगी शिरत नाही. आणि आठवा मुद्दा, बंगळूरचं हॉस्पिटल तिच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. तिने उत्तर पाठवलं, "बरं बाबा." इतकंच. उगाच वाद नाही, रडारड नाही. समजूतदार मुलगी. जन्मापासूनच अशी. तान्ही असताना मी जेव्हा पाहावं तेव्हा शांत झोपलेली असायची. ऑफिसात मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या मुलीचा आवाज आम्हाला अजून माहीत नाही.

लतिकाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वीस फेब्रुवारीला लाल गोल केलाय. विचारलं तर म्हणाली, "त्यानंतर डॉक्टर तिला विमानात बसू देणार नाहीत." मी म्हटलं, तिला बसायचंच नाहीये, मग गोल कशाला? ती भांडी घासायला लागली. भांडी घासून झालेली होती.

१२ जानेवारी, सोमवार

पॉलिश निघालं. आज काचपेपरने घासलं. आधी जाड, मग मध्यम. सागवान असं काही उजळलं की मी तासभर नुसता हात फिरवत बसलो. हे काम मला चाळीस वर्षांपूर्वी कोणी का नाही सुचवलं?

एक भानगड आहे. फळीच्या एका बाजूला, बरोबर कडेपाशी, काळसर तेलकट डाग आहे. सव्वादोन वीत लांब, एक वीत रुंद. बाकी सगळं लाकूड पिवळसर निघालं, हा भाग तसाच. घासावं तर काचपेपर गुळगुळीत होऊन जातो, आणि वास येतो. तिळाचं तेल, ओवा, अजून काहीतरी. ओळखीचा वास आहे, पण कुठला ते आठवेना.

लतिका चहा घेऊन वर आली. डाग बघून थांबली, त्यावर तळहात टेकवला, मग हात नाकाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला असणार. मी तिला माझा जास्तीचा मास्क दिला. तो तिने कठड्यावर ठेवला आणि खाली गेली. आता तो मास्क माकडाकडे आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाले. सगळ्या छतांवर पतंगवाले, त्यामुळे काम बंद. शेजारच्या छतावरून सुरेखावहिनी डोकावल्या. या आमच्या आईच्या हाताखाली तयार झालेल्या, सगळ्या गल्लीच्या बातम्या यांच्याकडे. टेबल बघून म्हणाल्या, "भाऊजी, तेवढ्या जागेवर रंग बसायचा नाही हं."

"का?"

"आक्कांना विचारायला हवं होतं." माझ्या आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आई जाऊन सतरा वर्षं झाली. मी म्हटलं, आता कसं विचारणार? तर म्हणाल्या, "मग लतिकाला विचारा," आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

लतिकाला विचारलं, हा डाग कसला? म्हणाली, "तेलाचा."

ते मलाही दिसतंय. मी स्वतःच निष्कर्ष काढलाय. तिथे लोणच्याच्या बरण्या असणार. दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या की बरोबर एवढी लांबी भरते. आई ओवा घालून लोणचं करत असेल. हे लतिकाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरण्याच. अगदी बरोबर. गोऱ्या, काळ्या, सगळ्या प्रकारच्या." बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. बरणीवर हसण्यासारखं काय आहे देव जाणे, पण बरं वाटलं.

१९ जानेवारी, सोमवार

आज स्टेनचा पहिला हात. कापडाच्या बोळ्याने, लाकडाच्या रेषेबरोबर, व्हिडिओत दाखवलं तसंच. फळी सुंदर अक्रोडी झाली आणि डागावर स्टेनचे थेंब नुसते गोळा होऊन बसले. पुसले की जागा होती तशी. दुसरा हात दिला, तेच. थिनरने चार वेळा पुसून तिसरा हात दिला, तेच.

मी हात धुवायला खाली गेलो तेवढ्यात माकड ओल्या फळीवरून चालून गेलं. पाच पंजे अगदी स्पष्ट. सहावा पंजा लतिकाच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. अंतराला फोटो पाठवला, तिने हसण्याची चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, "घरची आठवण आली." माकडांवरून का होईना.

२२ जानेवारी, गुरुवार

जुनं तेल काढायचा उपाय सापडला. डागावर खडूची भुकटी पसरायची, वर कागद, कागदावरून गरम इस्त्री. तेल कागदात उतरतं म्हणे. उतरलंही थोडं. पण कागद वर्तमानपत्राचा होता, त्यामुळे टेबलावर एका गादीच्या दुकानाची जाहिरात उलटी उमटली. ती काचपेपरने काढली. इस्त्री मात्र गेली. लतिका म्हणाली, "ज्याचं आहे त्याला राहू द्या ना तिथे." म्हणजे काय ते विचारायला हवं होतं, पण मी इस्त्रीवर बोलत होतो.

२७ जानेवारी, मंगळवार

अंतराचं डोहाळजेवण. बंगळूरलाच, तिच्या मैत्रिणींनी केलं. आम्ही फोनवर बघितलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, केळीच्या खांबाला टेकून झोपाळ्यावर बसलेली. लतिका गाणं म्हणायला लागली आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज बसला. थंडी फार आहे.

अंतराने आमच्याकडचा कॅमेरा चारही बाजूंना फिरवायला लावला. गंगा दाखवा. स्वयंपाकघर दाखवा. माझी खोली दाखवा. "बाबा, माझ्या खोलीत ऊन कितीपर्यंत येतं हल्ली?" मी सांगितलं, साडेदहापर्यंत, पण स्टेन वाळायला ते पुरत नाही, छतच बरं. ती म्हणाली, "अच्छा." मग तिचा नवरा कुणाल पुढे आला. तो सरळ मुलगा आहे. म्हणाला, "बाबा, टेबलाची घाई करू नका. पाठवूच नका इतक्यात." त्यांच्याकडे जागा नसेल.

३१ जानेवारी, शनिवार

पाय रंगवले. दुकानात फिका करडा आणि मोरपंखी, असे दोन रंग मला पसंत पडले. अंतराला विचारलं, ती म्हणाली मोरपंखी. दोन हात दिले. ऊन चांगलं होतं. उतरत्या उन्हात पाय असे काही चमकायला लागले की मी खाली हाका मारून लतिकाला वर बोलावलं. ती म्हणाली, "घाटावरची नाव वाटतेय." सुरेखावहिनी पलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, वल्ही कधी लावताय?"

हसू द्या. मी खूश आहे. निवृत्तीनंतर माणसाला काय करावं कळत नाही असं सगळे म्हणतात, मला तर दिवस पुरत नाही. फक्त तो डाग. तो तसाच ठेवून टेबल पोरीकडे पाठवायचं म्हणजे अर्धवट कामावर सही केल्यासारखं होईल.

लतिका खोल्या आवरतेय. अंतराच्या खोलीतली माझ्या पुस्तकांची खोकी तिने बाहेर काढून ठेवली. जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवतेय. बंगळूरला दुपटी मिळत नाहीत का, विचारलं. मिळतात म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रामजनम मिस्त्रीला बोलावलं. त्याने डागावर नख ओढलं, वास घेतला आणि मान हलवली. "बाबूजी, ई तेल पी के बइठल हौ. बरसन से. एह पर रंग ना चढ़ी." लाकूड वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलंय, म्हणे. उपाय एकच आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे तीन-चार हात डागावर द्यायचे. लाखेचा थर बसला की तेल कायमचं खाली बंद, मग वर हवा तो रंग. मंगळवारी येतो म्हणाला. अखेर तोडगा मिळाला!

लतिकाला सांगितलं. ती कॅलेंडरसमोर उभी होती. "करा बंद," म्हणाली. जेवताना एक शब्द नाही. इस्त्री नवीन आणून देईन म्हटलं, तरी नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

मिस्त्री दहाला आला. लाख आदल्या दिवशीच भिजवून ठेवलेली. त्याने बोळा बुडवला, एवढ्यात जिन्यावरून हाक आली, "देवदत्तकाका, आहात का?" ब्रह्माघाटावरच्या वेदपाठशाळेतले बिंदुमाधव गुरुजी. वय अडतीस, पण दाढीमुळे माझ्याहून मोठे वाटतात. शिवरात्रीच्या रुद्राचं आमंत्रण द्यायला आले होते. टेबल बघितलं आणि बोलता बोलता थांबले. चपला काढल्या. मला वाटलं काही चुकलं की काय. त्यांनी पुढे होऊन डागावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आक्कांचं टेबल ना?"

मी म्हटलं, हो, आईचंच. इथे लोणच्याच्या बरण्या असायच्या.

"बरण्या?" गुरुजी असे हसले की कठड्यावरची माकडं पळाली. "काका, इथे मी असायचो! तीन महिने, रोज सकाळी. माझी आई सांगते, आक्का उभ्या राहून तेल लावायच्या आणि माझी किंकाळी पार संकठा घाटापर्यंत जायची. माझा धाकटा भाऊ इथेच. सुरेखाकाकूंची दोन्ही मुलं इथेच. रामघाट, ब्रह्माघाट, अर्धी मराठी मंडळी या टेबलावर चोळून मोठी झालीत."

रामजनमच्या हातातला बोळा तसाच. तो म्हणाला, "त बाबूजी, बंद करीं कि ना?"

मी डागाकडे बघितलं. सव्वादोन वीत लांब, एक वीत रुंद. महिनाभर मी ते माप घेऊन बसलोय आणि त्या मापाचं काय असतं ते माझ्या डोक्यात आलं नाही. मिस्त्रीला म्हटलं, आज राहू दे. तो लाखेची बाटली घेऊन गेला. गुरुजी निघताना टेबलाला नमस्कार करून गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी लतिकाजवळ जाऊन बसलो. ती अळीव निवडत होती. म्हटलं, मला सगळं सांग.

तिने सांगितलं. मी नोकरीला लागलो त्याच्या पुढच्या वर्षी आई घाटाच्या पायऱ्यांवर पडली, एवढं मला ठाऊक आहे. पण त्यानंतर तिला पाय पसरून जमिनीवर बसता येईना, आणि बाळाला तेल लावायचं म्हणजे पाय पसरून त्यावर बाळ आडवं घ्यावं लागतं. आईचा हात तर सगळ्या गल्लीला हवा. मग तिने टेबल पुढे ओढलं, वर दुपटं टाकलं आणि उभ्याने सुरू केलं. तेल दुपट्यातून खाली झिरपायचं. बावीस वर्षं झिरपलं.

"आणि अंतरा?"

"अंतरा नाही तर कोण? मला आई नव्हती. इंदूरला माहेरी जाऊन काय करणार होते? पाचवा महिना लागला तेव्हा तुमच्या आई मला म्हणाल्या, कुठे जायचं नाही, मी आहे ना, हेच माहेर. एवढंच बोलल्या. गल्ली किती लांब आहे ते नाही सांगितलं."

मी विचारलं, मग मला कसं काहीच दिसलं नाही?

"तुम्ही आठवड्याचे दमून यायचात. तुमची झोप मोडायला नको म्हणून रविवारी आई पहाटेच उरकायच्या, दार लावून. तुम्ही उठायचात तोवर पोर न्हाऊन झोपलेली. आणि शनिवारी येऊन तुम्ही बॅग ठेवायचात, ती नेमकी तिच्या जागेवर. आई उचलून खाली ठेवायच्या."

सोवळं नव्हतं ते.

मग ती अळीव बाजूला ठेवून म्हणाली, "तिने तुम्हाला विचारलं होतं, बाबा मी येऊ का. तिला यायचं होतं. नसतं यायचं तर विचारलं कशाला असतं? आणि तुम्ही आठ मुद्दे लिहून पाठवलेत. दोन दिवस रडत होती. म्हणाली, आई, बाबांना नकोय. मी म्हटलं, अगं तसं नाही, त्यांना काळजी करायची ती एकच रीत येते. पण ते मी सांगून काय उपयोग? तिला ते तुमच्याकडून ऐकायचंय."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"मी बोलावलं असतं तर ती आलीही असती. पण बाबांच्या मनात नसताना आलोय, हे तिच्या मनात राहिलं असतं. म्हणून वाट बघत होते."

मला फार वाईट वाटलं. इथे लिहितानाही वाटतंय. 'समजूतदार मुलगी' असं मी महिन्यापूर्वी याच डायरीत लिहिलंय, ते पान काढून वाचलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लाल गोलाला आठ दिवस. फोन हातात घेतला आणि ठेवला. तिला काय सांगणार? मुद्दे माझेच, आणि चुकीचे नाहीत. मग डोक्यात आलं की जोखीम कागदावर मांडून मी नुसता कधी थांबलो नव्हतो, जागेवर जाऊन पाहणी करायचो. ती या वेळी केलीच नव्हती.

सकाळी निघालो. घरापासून मैदागिनपर्यंत घड्याळ लावून चाललो. अकरा मिनिटं, सावकाश पंधरा. सांड दोन, दोघेही झोपलेले. सुरेखावहिनींना विचारलं, तुमच्या सुनेला दोन वर्षांपूर्वी कसं नेलं? म्हणाल्या, "खुर्चीवर बसवून पोरांनी नेली. आणि नाव आहेच की घाटाला." हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी तारीख विचारली, रिपोर्ट घेऊन या म्हणाल्या, आणि "नानाजी पहली बार बन रहे हैं?" म्हणून हसल्या. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतली. पायऱ्या अडतीसच आहेत, त्याला इलाज नाही, पण सुताराला कठडा लावायला सांगितला. शिवरात्र रविवारी आहे, ती होऊन गेली की गर्दी ओसरेल. धुकं तर आजच नव्हतं. माकडांचं मात्र काही करता आलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन केला. पाहणीचा कागद समोर ठेवला होता. अंतराने "हां बाबा, टेबल झालं का?" विचारलं आणि मी कागद वाचायला सुरुवात केली. मुद्दा एक, पंधरा मिनिटं. मुद्दा दोन, कठडा. मुद्दा तीनपर्यंत आलो आणि पुढचं दिसेना, चष्मा ओला झाला होता.

"बाबा, हे काय वाचताय?"

मी म्हटलं, "अंतू, माझं चुकलं. तू विचारलंस तेव्हा मी नुसतं ये म्हणायला हवं होतं. ये. घरी ये."

 मग ती रडायला लागली, मोठ्याने, अगदी भोकाड पसरून. मी घाबरून लतिकाकडे बघितलं. ती पोळी लाटता लाटता डोळे पुसत होती आणि हसत होती. अंतरा हुंदके देत म्हणाली, "आणि माकडांचं काय केलंत?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"थँक गॉड," ती म्हणाली. कुणालने तिकिटं तासाभरात काढली. म्हणजे त्याने ती आधीच बघून ठेवलेली असणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आली. मैदागिनपासून चालत आली, खुर्ची नको म्हणाली. सतरा मिनिटं लागली, कारण मध्ये दोनदा थांबून सांडाला हात लावून नमस्कार केला. कठडा धरून अडतीस पायऱ्या चढली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे काय, नाव?"

मी पर्स उचलून खाली ठेवली.

२८ एप्रिल, मंगळवार

दोन महिने लिहायला फुरसत नाही. बारा एप्रिलला नात झाली. ऋता. तीन किलो. सगळं व्यवस्थित पार पडलं. अंतराला हॉस्पिटलमधून परत आणताना मात्र नावेतून आणली, गल्लीत वरात अडकली होती.

टेबल अंतराच्या खोलीत आहे. फळी अक्रोडी, वर चपड्याचं पॉलिश, रामजनमने हाताने केलेलं. पाय मोरपंखी. डागाची जागा तशीच उघडी, तिला स्टेन नाही, लाख नाही. रामजनमनेच सांगितलं, तिथे रंग नाही तेच बरं, लेकराचं अंग लागणार. हे टेबल आता बंगळूरला जाणार नाही असं अंतराने जाहीर केलंय. पुढच्या खेपेला कोणाला लागलं तर, म्हणे.

आज ऋताचं पहिलं तेल. लतिकाचे गुडघे आता आईच्या गुडघ्यांसारखेच झालेत, तीही उभीच राहिली. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, दुपटं अंथरलं. सुरेखावहिनी देखरेखीला आल्या. मी दाराबाहेर थांबलो होतो, सवयीने. लतिका म्हणाली, "तिथे काय उभे? तेलाची वाटी कोण धरणार?"

मी आत गेलो. कोमट तेल, ओवा, तोच वास. ऋताला त्या जागेवर आडवी ठेवली आणि ती बरोबर मावली. लतिकाने पहिला हात फिरवला मात्र, पोरीने जो टाहो फोडला तो थांबेचना. लालबुंद झाली, मुठी आवळल्या, छतावरची माकडं कठड्यावर येऊन ऐकायला लागली.  म्हटलं, काही दुखत तर नाही ना तिला? डॉक्टरांना विचारू का?

दोघी बायका हसायला लागल्या. अंतरा अंथरुणातून म्हणाली, "आई, मीपण अशीच रडायचे?"

"तू?" लतिका म्हणाली. "ही काहीच नाही. तुझ्यापुढे ही अगदी गप्प."

म्हणजे अंतरा शांत बाळ नव्हती. एकतीस वर्षांनी मला कळलं. उद्या सकाळी साडेआठला परत वाटी धरायची आहे.